संयमशिक्षणाची फलश्रुती: किशोरवयीनांच्या लैंगिक शिक्षणाचा आढावा

किशोरवयीन मुलामुलींना शरीरसंबंधांविषयी काय शिकवावे, या प्रश्नाला गेल्या शतकभरात जी उत्तरे दिली गेली, त्यांत ठळकपणे दोन धारा दिसतात. पहिली धारा संयमकेंद्री शिक्षणाची. लग्नापर्यंत शरीरसंबंध टाळणे हाच एक योग्य मार्ग आहे असे तीत शिकवले जाते, आणि गर्भनिरोधक साधनांचा उल्लेख एक तर होतच नाही किंवा ती कुठे निकामी ठरतात एवढे सांगण्यापुरता होतो. दुसरी धारा सर्वंकष लैंगिकता शिक्षणाची. तीत संयमाला स्थान असतेच, पण त्याबरोबर शरीररचना, पाळी, गर्भधारणा, निरोध व इतर साधने, लैंगिक संसर्ग, संमती, नकार आणि अत्याचार ओळखण्याची समज हे सारे वयानुसार शिकवले जाते. पहिल्या धारेचे समर्थक म्हणतात की दुसरी धारा मुलांना नको त्या वयात नको ते सुचवते. दुसरीच्या समर्थकांचे म्हणणे असे की पहिली धारा मुलांना अज्ञानात ठेवते आणि तरीही त्यांना थांबवू शकत नाही. हा वाद नीतीचा असल्यासारखा मांडला जात असला तरी त्यातला मोठा भाग तपासता येण्याजोगा आहे, कारण शिकवल्यानंतर मुले खरोखर थांबतात की नाही हे मोजता येते, आणि ते अनेकदा मोजलेही गेले आहे.

हे मोजमाप प्रामुख्याने अमेरिकेत झाले, कारण तिथे संयमकेंद्री शिक्षणाला सरकारी तिजोरीचे पाठबळ मिळाले. 1996 च्या कल्याणकारी योजनांच्या सुधारणा कायद्यात अशा शिक्षणासाठी दरवर्षी 5 कोटी डॉलरची तरतूद झाली आणि त्यासाठी आठ कलमांची एक व्याख्या घालून देण्यात आली, ज्यात विवाहांतर्गत एकनिष्ठ संबंध हाच मानवी लैंगिक वर्तनाचा अपेक्षित दंडक असल्याचे शिकवणे समाविष्ट होते. या कायद्याखालच्या चार निवडक कार्यक्रमांचे मूल्यमापन मॅथेमॅटिका या संशोधनसंस्थेने अमेरिकी संसदेच्या आदेशावरून केले आणि त्याचा अहवाल एप्रिल 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. व्हर्जिनिया, फ्लोरिडा, विस्कॉन्सिन व मिसिसिपी या राज्यांतल्या दोन हजारांहून अधिक मुलांपैकी कोणी कार्यक्रमात जावे आणि कोणी बाहेर राहावे हे निव्वळ योगायोगावर सोपवण्यात आले होते. या पद्धतीमुळे दोन्ही गटांची घरची परिस्थिती, श्रद्धा आणि स्वभाव सरासरीने सारखे राहतात, आणि नंतर दिसणारा फरक कार्यक्रमाचाच आहे असे म्हणता येते. चार ते सहा वर्षांनी पाहणी केली तेव्हा दोन्ही गटांत शरीरसंबंधांपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण 49 टक्केच निघाले, आणि ज्यांनी संबंध ठेवले होते त्यांचे पहिल्या संबंधाच्या वेळचे सरासरी वयही दोन्हीकडे 14.9 वर्षे एवढेच होते. विरोधकांनीही एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी की, या अहवालात कार्यक्रमात गेलेल्या मुलांचे असुरक्षित संबंध वाढल्याचेही दिसले नव्हते. नुकसान दाखवता आले नाही आणि उपयोगही दाखवता आला नाही. त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अंडरहिल आणि सहकाऱ्यांनी 13 चाचण्यांचा आणि सुमारे 16 हजार अमेरिकी तरुणांचा एकत्रित आढावा घेतला, आणि त्याचा निष्कर्षही हाच होता.

कौमार्याच्या शपथेचा इतिहास यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. 1993 मध्ये दक्षिणेकडील बाप्टिस्ट चर्चच्या पुढाकाराने ही चळवळ सुरू झाली आणि लाखो मुलांनी लग्नापर्यंत थांबण्याची शपथ घेतली. बेअरमन आणि ब्रुक्नर या समाजशास्त्रज्ञांना 2001 मध्ये आढळले की काही परिस्थितींत शपथेमुळे पहिला संबंध सुमारे दीड वर्ष लांबतो, मात्र शपथ घेणाऱ्यांची शाळेतली संख्या फार कमी किंवा फार जास्त असली की हा परिणाम विरतो. शपथेचे बळ वेगळ्या गटात असल्याच्या अभिमानातून येते, आणि सगळेच शपथ घेऊ लागले की तो अभिमान उरत नाही. ज्या धोरणाला सर्व शाळांत लागू व्हायचे आहे त्याच्या दृष्टीने हा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे, कारण ते धोरण यशस्वीपणे पसरले तर त्याच कारणाने निष्फळ होईल. याच संशोधकांनी 2005 मध्ये दाखवले की शपथ घेऊनही पुढे संबंध ठेवलेल्यांपैकी 88 टक्के जणांनी ते लग्नापूर्वीच ठेवले होते, लैंगिक संसर्गांचे शपथ घेतलेल्यांमधले प्रमाण इतरांइतकेच होते, आणि पहिल्या संबंधाच्या वेळी त्यांच्यात निरोधाचा वापर मात्र कमी होता. जॅनेट रोझेनबॉम यांनी 2009 मध्ये शपथ घेणाऱ्यांची तुलना धार्मिकता व दृष्टिकोन यांबाबत त्यांच्यासारख्याच असलेल्या, पण शपथ न घेतलेल्या तरुणांशी केली. पाच वर्षांनी दोघांच्या लैंगिक वर्तनात फरक नव्हता, गर्भनिरोधकांचा वापर शपथवाल्यांत कमी होता, आणि 82 टक्के जण आपण अशी शपथ घेतल्याचेच नाकारत होते.

तरीही संयम शिकवणे प्रत्येक रूपात व्यर्थ ठरते, असे पुरावा म्हणत नाही. जॉन जेमट आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहावी-सातवीतल्या, सरासरी बारा वर्षे वयाच्या 662 आफ्रिकी-अमेरिकी मुलांपैकी काहींना केवळ संयमाविषयीचा आठ तासांचा कार्यक्रम दिला होता. दोन वर्षांनी त्यांच्यापैकी सुमारे 33.5 टक्के मुलांनी शरीरसंबंध ठेवलेले होते, तर तुलनेच्या गटात हे प्रमाण 48.5 टक्के होते. हा फरक लहान नाही. पण या कार्यक्रमाची रचना पाहिली तर तो सरकारी व्याख्येत बसणारा नव्हता, हे लक्षात येते. त्यात लग्नापर्यंत थांबा असे न सांगता तयारी होईपर्यंत थांबा असे सांगितले होते, नैतिक धाक नव्हता, निरोधाची निंदा करण्यास मनाई होती आणि दबाव कसा परतवावा याचा सराव करून घेतला जात होता. शिवाय ती मुले वयाने लहान होती, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत प्रश्न उद्भवण्याआधी शिक्षण पोचले होते. थोडक्यात, ज्या संयमशिक्षणाचा उपयोग दिसला ते मुलांना निर्णय घेण्याचे कौशल्य देणारे होते. निर्णय आधीच घेऊन तो मुलांच्या हाती सोपवणारे नव्हते. सार्वजनिक चर्चेत हा भेद सहसा हरवतो, आणि दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा आकडा उचलतात.

आफ्रिकेतला अनुभव खर्चाच्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे. अमेरिकेने 2003 मध्ये सुरू केलेल्या एड्सविरोधी मदत योजनेत प्रतिबंधाच्या निधीचा तिसरा हिस्सा काही वर्षे संयम व एकनिष्ठतेच्या प्रचारासाठी राखून ठेवलेला होता. 2004 ते 2013 या काळात अशा प्रचारावर 140 कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला. 2016 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सहाराच्या दक्षिणेकडील 22 देशांची तुलना केली, तेव्हा निधी मिळालेल्या आणि न मिळालेल्या देशांत पहिल्या संबंधाचे वय, जोडीदारांची संख्या किंवा अल्पवयीन गरोदरपण यांपैकी कशातही या खर्चामुळे पडलेला फरक त्यांना आढळला नाही.

मात्र सर्वंकष शिक्षणाच्या पाठीराख्यांनीही आपले दावे जपून करायला हवेत. कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचा पद्धतशीर आढावा घेणाऱ्या संस्थेने 2016 मध्ये आफ्रिका, लॅटिन अमेरिका व युरोपातल्या 55 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवरील आठ चाचण्या तपासल्या. मुलांच्या तोंडी उत्तरांऐवजी प्रत्यक्ष तपासणीने मोजलेले एचआयव्ही व इतर संसर्ग आणि गरोदरपण यांवर केवळ शाळेतल्या शिक्षणाचा, मग ते कितीही सर्वंकष असो, परिणाम दिसला नाही. ज्या उपायाने गरोदरपण कमी होण्याची शक्यता दिसली तो धड्याच्या स्वरूपाचा नव्हताच. मुलींना शाळेत टिकवण्यासाठी दिलेली रोख रक्कम किंवा मोफत गणवेश असा तो होता. ज्ञान आवश्यक आहे, पण ज्ञान वापरता येईल अशी परिस्थिती आणि जवळपास दवाखाना नसेल तर ज्ञानाने एकट्याने काही होत नाही, असा याचा अर्थ आहे. दादरा व नगर हवेलीतल्या सिल्वासासारख्या ठिकाणी हा निष्कर्ष अमेरिकेतल्या आकड्यांपेक्षा अधिक मोलाचा ठरतो.

मराठी समाजाला हा वाद बाहेरून आलेला वाटत असला तरी तो इथे शंभर वर्षे जुना आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि जुलै 1927 पासून 1953 पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यातल्या वाचकांच्या प्रश्नोत्तरांमधून त्या पिढीच्या तरुणांचे अज्ञान, भीती आणि अपराधभाव उघडे पडले, आणि त्याच प्रश्नोत्तरांसाठी कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. 1934 च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. कर्व्यांना दंड झाला, पण लैंगिक विषयावर कोणी प्रश्न विचारला तर त्याला उत्तर मिळाले पाहिजे ही भूमिका त्यानिमित्ताने भारतीय न्यायालयात मांडली गेली. त्याच सुमारास, 1935 च्या डिसेंबरात, अमेरिकी संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या, आणि गांधीजींनी साधनांपेक्षा ब्रह्मचर्याचाच आग्रह धरला. गांधीजींची भूमिका त्यांच्या जीवनदृष्टीतून आलेली होती आणि प्रौढ, विवाहित माणसांनाही ती लागू होती. कर्व्यांचा आक्षेप असा होता की मोजक्या व्यक्तींना साधणारे व्रत हे समाजाच्या आरोग्याचे धोरण होऊ शकत नाही. पुढे जगभरच्या चाचण्यांनी जे आकडे दिले ते कर्व्यांच्या बाजूचे आहेत, एवढे निःसंकोचपणे म्हणता येते.

स्वतंत्र भारतातली या वादाची निर्णायक फेरी 2005 नंतर झाली. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालय आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना यांनी त्या वर्षी नववी व अकरावीसाठी किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आणला. त्यातल्या सचित्र साहित्यावरून 2007 मध्ये गदारोळ झाला आणि महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक यांसह अनेक राज्यांनी तो कार्यक्रम रोखला. सिल्वासाच्या दोन्ही शेजारी राज्यांचा त्यात समावेश होता, हे इथे विशेष नोंदवण्यासारखे आहे. राज्यसभेच्या याचिका समितीने व्यंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखाली 2009 मध्ये दिलेल्या अहवालात लग्नापूर्वी शरीरसंबंध नाहीत हाच संदेश शाळांनी द्यावा, आणि एचआयव्हीसारखे विषय उच्च माध्यमिक टप्प्याआधी शिकवू नयेत अशी शिफारस केली. अमेरिकेत दोन वर्षांपूर्वीच तपासून निष्फळ ठरलेला उपाय भारताच्या संसदीय समितीने अशा रीतीने स्वीकारला. शिवाय जी मुलगी आठवी-नववीतच शाळा सोडते तिच्यापर्यंत अकरावी-बारावीचे जीवशास्त्र कधी पोचणारच नाही, याचा विचार त्या शिफारशीत दिसत नाही.

दादरा व नगर हवेलीत या शिफारशीचे गृहीतकच ढासळते. 1954 मध्ये पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झालेला आणि 26 जानेवारी 2020 पासून दमण व दीवसह एका केंद्रशासित प्रदेशात सामील असलेला हा सुमारे 491 चौरस किलोमीटरचा मुलूख 2011 च्या जनगणनेत 3,43,709 लोकसंख्येचा होता, आणि त्यातले निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे, मुख्यतः वारली, कोकणा व धोडिया होते. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे केवळ 774 स्त्रिया होत्या. याचे कारण कारखान्यांत आहे. सिल्वासा, दादरा, नरोली, रखोली या पट्ट्यात देशभरातून आलेले एकटे तरुण कामगार राहतात, तर खानवेल, दुधनी, मांदोनीकडच्या पाड्यांवरून मुलेमुली शिकायला व मजुरीला खाली उतरतात. शाळा गुजराती, मराठी, हिंदी व इंग्रजी माध्यमांच्या आहेत, पण घरची बोली वारली किंवा कोकणा असते. पाठ्यपुस्तकातल्या ‘प्रजनन संस्था’ या प्रकरणाची संस्कृतप्रचुर परिभाषा त्या मुलांच्या तोंडच्या शब्दांपासून फार दूर आहे.

लग्नापर्यंत थांबा या संदेशात लग्न ही सुरक्षिततेची सीमारेषा मानलेली असते. पण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, देशातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 23.3 टक्क्यांचे लग्न अठरा वर्षांआधी झालेले होते. महाराष्ट्रात हे प्रमाण 21.9 टक्के, तर दादरा-नगर हवेली व दमण-दीवमध्ये साधारण चौथा हिस्सा होते. भारतातल्या बहुसंख्य मुलींचा किशोरवयातला लैंगिक अनुभव लग्नाच्या आत येतो, बाहेर नाही. सोळाव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीने संयमाचा धडा तंतोतंत पाळलेला असतो, आणि तरीही अकाली गरोदरपण, रक्तक्षय व शिक्षण तुटणे यांपैकी काहीही त्याने टळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑक्टोबर 2017 च्या निकालात पंधरा ते अठरा वर्षांच्या पत्नीशी केलेला संभोगही बलात्कार ठरवला आहे. म्हणजे विवाहाची जी रेषा संयमाचा धडा सुरक्षित म्हणून दाखवतो, ती अल्पवयीन मुलीच्या बाबतीत कायद्यालाही मान्य नाही.

वारली समाजात ही रेषा आणखी पुसट आहे. विवाहविधी धवलेरी म्हणजे स्त्री-पुरोहित लावते, भिंतीवर चौक म्हणजे लग्नाची चित्रे लिहिली जातात, आणि या सोहळ्याचा खर्च झेपत नसेल तर जोडपे आधी एकत्र राहू लागते व विधी काही वर्षांनी, कधी मुले झाल्यावर, उरकला जातो. समाज या जोडप्याला कमी लेखत नाही. अशा ठिकाणी लग्नाआधीचा प्रत्येक संबंध अनैतिक असे शाळेत शिकवणे म्हणजे मुलाला आपल्या आईबापांविषयी लाज बाळगायला शिकवणे होय, आणि त्याहून मोठा तोटा असा की त्यामुळे घरातला हाच एक विश्वासाचा आधार शाळेच्या नजरेत बाद ठरतो. एकत्र राहायला किती वयात सुरुवात करावी, पहिले मूल कधी व्हावे, दोघांची संमती खरी आहे का, हे प्रश्न वारली कुटुंबात अर्थपूर्ण आहेत. विधीच्या तारखेला तिथे तेवढे महत्त्व नाही.

मुलांविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी 2006-07 मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत केलेल्या तरुणांच्या पाहणीत लग्नपूर्व संबंध ठेवल्याचे 15 टक्के मुलग्यांनी व 4 टक्के मुलींनी सांगितले. कबुली देताना मुली अधिक सावध असतात हे गृहीत धरूनही, संयमाचा उपदेश ज्यांना सर्वाधिक ऐकवला जातो त्या मुलींची संख्याच इथे लहान आहे. दुसरीकडे महिला व बालविकास मंत्रालयाच्या 2007 च्या अभ्यासात 53 टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे नोंदवले गेले. ज्या मुलीवर जबरदस्ती झाली तिने थांबायचे ठरवले होते की नाही हा प्रश्नच गैरलागू आहे, आणि केवळ संयम शिकलेली मुलगी झालेल्या अत्याचाराला स्वतःचे स्खलन समजून गप्प बसण्याचा धोका मोठा आहे. पुराव्यातल्या सगळ्या आकड्यांपेक्षा हा आक्षेप अधिक गंभीर आहे.

मग प्रत्यक्षात थांबणे साधले कुठे? त्याचे उत्तम उदाहरण मराठवाड्यात, पाचोड येथे आहे. डॉ. अशोक दयालचंद यांनी स्थापन केलेल्या तिथल्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने 1990 च्या दशकाच्या अखेरीस बारा ते अठरा वर्षांच्या अविवाहित मुलींसाठी, विशेषतः शाळा सोडून मजुरी करणाऱ्यांसाठी, वर्षभराचा जीवनकौशल्य अभ्यासक्रम सुरू केला. रोज संध्याकाळी, कामे आटोपल्यावर, तासभर वर्ग भरे, शिकवणाऱ्या बाया गावातल्याच आणि किमान सातवी शिकलेल्या असत, आणि विषयांत आरोग्य, पोषण व शरीराच्या माहितीबरोबर सरकारी कचेऱ्या, बँक, हक्क असे सारे येई. काही वर्षांत त्या भागातले लग्नाचे मध्यवर्ती वय सोळावरून सतरावर गेले, आणि कार्यक्रम न मिळालेल्या मुलींचे लग्न अठराच्या आत होण्याची शक्यता मिळालेल्यांच्या चौपट आढळली. इथे कोणी ब्रह्मचर्याचा उपदेश केला नव्हता. मुलीचे लग्न वर्षभर पुढे ढकलण्याचा निर्णय घरातल्या मोठ्यांचा असतो, आणि रोज वर्गाला जाणारी, चार गोष्टी ठामपणे बोलणारी मुलगी त्या निर्णयात मोजली जाऊ लागली. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी आदिवासी व ग्रामीण तरुणतरुणींसाठी घडवलेला ‘तारुण्यभान’ हा उपक्रमही याच जातकुळीतला आहे. तिथे मोकळेपणाने दिलेल्या माहितीबरोबर जबाबदारीची जाणीव येते, आणि संयम हा धाकाऐवजी समजुतीतून उगवतो.

खानवेलच्या पाड्यांना पाचोडचा नमुना अमेरिकी अभ्यासक्रमांपेक्षा कितीतरी जवळचा आहे: शाळेबाहेरच्या मुलींपर्यंत पोचणारा, गावच्याच बाईने तिच्या बोलीत चालवलेला, लग्नाच्या वयाला थेट हात घालणारा. त्याला लागणारी सरकारी चौकटही कागदावर उपलब्ध आहे. 7 जानेवारी 2014 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावपातळीवरचे समवयस्क शिक्षक आणि किशोरस्नेही दवाखाने आहेत, ज्यांना महाराष्ट्रात ‘मैत्री क्लिनिक’ म्हणतात. 2020 पासून शाळांमध्ये आरोग्यदूत म्हणून शिक्षक नेमण्याची योजनाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये बालकांविषयीच्या अश्लील चित्रफितींवरील निकालात लैंगिक शिक्षण पाश्चात्त्य आहे या समजुतीचा प्रतिवाद करून सर्वंकष शिक्षणाची गरज स्पष्टपणे मांडली आणि झारखंडच्या ‘उडान’ कार्यक्रमाचा दाखला दिला.

या चौकटीची मोठी अडचण कायद्यात आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्याने संमतीचे वय अठरा केले, त्यामुळे सतरा वर्षांच्या दोघांचे परस्परसंमतीचे संबंधही गुन्हा ठरतात, आणि कलम 19 प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचे बंधन येते. एनफोल्ड संस्थेने आसाम, महाराष्ट्र व पश्चिम बंगालमधल्या 2016 ते 2020 च्या 7,064 निकालांचा अभ्यास केला, त्यात जवळपास चौथा हिस्सा खटले प्रेमसंबंधांचे निघाले. वर्गात मुलीने बाईंना विश्वासाने काही विचारले, तर बाईंना ते ऐकून घेण्याआधी फौजदारी जबाबदारीचा विचार करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 च्या गर्भपातविषयक निकालात एवढी मोकळीक दिली की, अल्पवयीन मुलगी किंवा तिच्या पालकांनी विनंती केल्यास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना दिलेल्या माहितीत तिचे नाव व ओळख उघड करू नये. ही सवलत गरोदर राहून दवाखान्यात पोचलेल्या मुलीच्या डॉक्टरला आहे. ती गरोदर राहू नये म्हणून तिच्याशी वेळेवर बोलणाऱ्या शिक्षिकेला, आशा कार्यकर्तीला किंवा समवयस्क शिक्षकाला अशी कोणतीही सवलत त्या निकालाने दिलेली नाही.